ग्रामसंघाच्या टेबलावरचा छोटा कॉम्प्युटर

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. ज्या गटांना ते ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

कुणी धान्य निवडत बसल्या असाल, कुणी बांधावर मोबाइलवर रेडिओ लावला असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. घरात लिहिणारी पोरगी असेल तर तिला वही-पेन घेऊन बसवा. शेवटी काही गोष्टी लिहून घ्यायला सांगणार आहे.

आजचा विषय आहे बोटानं चालणारी छोटी स्क्रीन आणि तिला जोडलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर. काही ग्रामसंघांतल्या बायांनी मला विचारलं, "ताई, टेबलावर अशी एक स्क्रीन ठेवतात म्हणे. बाईनं आपल्या नावावर बोट ठेवलं की तिची बचत किती, कर्ज किती राहिलं ते दिसतं. आपल्याला तसं करता येईल का? खर्च किती? बिघडलं तर कोण बघणार?" प्रश्न अगदी बरोबर आहेत. मी त्यात आणखी एक घालते, आपल्याला त्याची खरंच गरज आहे का? चारही प्रश्नांचा आज विचार करू.

ही वस्तू आहे तरी काय?

एटीएम कार्ड तुम्ही पाहिलंय. साधारण तेवढाच एक हिरवा बोर्ड असतो. त्यावर बारीक चिप बसवलेल्या असतात आणि कडेला केबल लावायच्या जागा असतात. त्याला पेटी नसते, स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. पण तो पुरा कॉम्प्युटर असतो. स्क्रीन जोडली, कीबोर्ड जोडला, वीज दिली की चालू. त्याची सगळी माहिती नखाएवढ्या मेमरी कार्डात राहते. मोबाइलमध्ये घालतो तेच कार्ड.

असे बोर्ड बऱ्याच कंपन्या करतात. सगळ्यांत माहितीचा आहे रास्पबेरी पाय. हसू नका, हा पाय म्हणजे हातपायातला पाय नव्हे. रास्पबेरी हे एक फळ, आणि पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे, तिच्यावरून हा पाय आला. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात एबन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तयार केला. मुलांना कॉम्प्युटर वापरता येतो, पण आतून कळत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मुलानं बिनधास्त उघडून बघावा, मोडला तरी घरच्यांचं दिवाळं निघू नये, असा स्वस्त कॉम्प्युटर त्यांना हवा होता. पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आला. त्याला जोडायची त्यांचीच ७ इंची टचस्क्रीन २०१५ मध्ये ६० डॉलरला आली.

आपल्याकडे रुपयांत किंमत किती, हे मी रेडिओवरून सांगत नाही, कारण ती सारखी बदलते. शिवाय बोर्ड आणि स्क्रीन एवढ्यावर भागत नाही. ॲडॅप्टर, कार्ड, पेटी, केबल, कीबोर्ड हे सगळं वेगळं विकत घ्यावं लागतं. म्हणून दोन दुकानांतून कोटेशन घ्या आणि त्यात प्रत्येक वस्तू वेगळी लिहून मागा. शेळी घेताना आपण दाव्याचेही पैसे विचारतो, तसंच हे.

स्क्रीन निवडताना हात बघा

दुकानदार तुम्हाला स्क्रीनचे आकडे सांगेल. तुम्ही आधी आपल्या बायांचे हात बघा.

टचस्क्रीन दोन प्रकारच्या असतात. एक दाबाची. तिच्यात दोन पातळ थर असतात, बोटानं दाबलं की ते एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. ती नखानं चालते, पेनाच्या टोपणानं चालते, हात ओला असला तरी चालते, हातमोजा घातला तरी चालते. मसाला किंवा पापडाच्या युनिटमध्ये हातमोजे घालून काम असेल तर ती सोयीची. पण तिला जरा जोर द्यावा लागतो. आणि बोट नेमकं कुठं पडलं हे तिला सुरुवातीला शिकवावं लागतं. स्क्रीनवर फुल्या दाखवतात, त्या एकेक दाबायच्या असतात.

दुसरी स्पर्शाची, आपल्या मोबाइलसारखी. आपल्या शरीरातून बारीकशी वीज वाहू शकते, त्यावर ती चालते. तिला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की पुरे. पण बोट फार कोरडं, भेगा पडलेलं, घट्टे पडलेलं असेल तर ती कधी कधी दाद देत नाही. उलट पाण्याचे थेंब पडले तर कुणी हात न लावताही ती भलतीकडे जाते.

म्हणून सांगते, स्क्रीन बघायला जाताना कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला न्या, पण तिच्याबरोबर खुरपणीला जाणारी, भांडी घासणारी, गटातली सगळ्यांत वयस्क मावशी पण न्या. आधी मावशीला बोट लावायला सांगा. तिचं बोट चाललं तर सगळ्यांचं चालेल.

आता आकार. साडेतीन इंची स्क्रीन स्वस्त मिळते आणि थेट बोर्डाच्या टाचण्यांवर बसते. दिसायला गोंडस असते, पण गटाच्या कामाची नाही. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार. एवढ्या जागेत "सुमित्रा" आणि "सुचित्रा" वेगळं ओळखायला भिंग लागेल. ७ इंची स्क्रीन घ्या. ७ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असतं. प्रत्यक्ष जागा साधारण साडेपंधरा सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच. बोट नीट पडावं म्हणून एका नावाला दीड सेंटिमीटर उंची सोडली, तर वरच्या मथळ्यासह एका वेळी पाच नावं बसतात. दहा जणींचा गट दोन पानांत येतो. याहून जास्त नावं कोंबायचा मोह नको. एकीवर बोट ठेवावं आणि दुसरीचं कर्ज दिसावं, असं व्हायला नको.

जोडणी: चित्र एका वाटेनं, बोट दुसऱ्या वाटेनं

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "चित्र दिसतंय, पण बोट चालत नाही." तेव्हा आधी केबल मोजा.

काही स्क्रीन चपट्या पट्टीनं बोर्डाला जोडतात. त्या पट्टीतून चित्रही जातं आणि बोटाचा निरोपही परत येतो. कंपनीची २०१५ ची स्क्रीन अशी आहे, तिला विजेसाठी आणखी दोन बारीक वायरी लागतात. दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीन एचडीएमआय केबलनं जोडतात, टीव्हीला लावतो तशी. या केबलमधून चित्र जातं, पण बोटाचा निरोप परत येत नाही. बोटाचा निरोप परत आणायला स्क्रीनपासून बोर्डापर्यंत एक यूएसबी केबल वेगळी लावावी लागते. ती राहिली की स्क्रीन नुसता टीव्ही होते.

आणखी एक. बोर्ड चार नंबरचा किंवा पाच नंबरचा असेल तर एचडीएमआयची जागा अगदी लहान असते. टीव्हीची नेहमीची केबल तिथं जात नाही, मायक्रो एचडीएमआय लागते. आणि चपटी पट्टी लावायची असेल तर पाच नंबरच्या बोर्डाला अरुंद तोंडाची वेगळी पट्टी लागते. दुकानात बोर्ड आणि स्क्रीन एकत्र जोडून, चालू करून, बोट लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पट्टी लावताना किंवा काढताना वीज बंद ठेवा, आणि तिची खिट्टी अलगद उचला. ती प्लॅस्टिकची असते, जोर लावला की तुटते.

पेटीत बसवल्यावर कधी चित्र उलटं दिसतं. मेनूत चित्र फिरवायची सोय आहे. पण चित्राबरोबर बोटाची दिशाही फिरली का ते बघा. नाही तर बोट वरच्या कोपऱ्यात आणि टिचकी खालच्या कोपऱ्यात असा प्रकार होतो. चारही कोपऱ्यांना बोट लावून खात्री करा, मगच पेटीचे स्क्रू आवळा.

वीज: आपला खरा प्रश्न

बोर्ड आणि ७ इंची स्क्रीन मिळून साधारण १० ते १५ वॉट वीज घेतात. १५ वॉट धरले आणि रोज चार तास चालवलं, तरी महिन्याला दोन युनिटांच्या आत भागतं. तेव्हा बिलाची काळजी नको. काळजी करायची ती विजेच्या येण्या-जाण्याची.

पहिली गोष्ट ॲडॅप्टरची. चार नंबरच्या बोर्डाला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो. घरात पडलेला जुना मोबाइल चार्जर लावला तर बोर्ड चालू होतो, पण स्क्रीनचा भार आला की दम सोडतो. लांब आणि बारीक केबलनंही तसंच होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याची खूण दिसली, तर समजा की बोर्डाला पुरेशी वीज मिळत नाहीये. त्या खुणेकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरी गोष्ट बंद करण्याची. बटण दाबून, नाही तर वायर ओढून हा कॉम्प्युटर बंद करायचा नाही. मेनूतून "शट डाउन" करायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वीज काढायची. का? आपण वहीत आकडा लिहितोय आणि मध्येच कुणी वही हिसकावली तर पान फाटेल की नाही? कॉम्प्युटर कार्डावर लिहीत असताना वीज गेली तर तसंच होतं. एखादं पान जातं, कधी सगळं कार्डच वाचता येत नाही.

मग लाइट गेली तर काय? बॅटरीवरच्या फवारणी पंपात असते तसली १२ व्होल्टची छोटी बॅटरी चांगली असेल, तर बैठकीचे दोन-तीन तास निघतात. पण १२ व्होल्ट थेट बोर्डाला कधीही लावू नका, बोर्ड जळेल. मध्ये १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो. तो वायरमनकडून किंवा इलेक्ट्रॉनिक्स समजणाऱ्याकडून बसवून घ्या. पॉवर बँकवर भरवसा ठेवायचा असेल तर आधी परीक्षा घ्या. कॉम्प्युटर चालू असताना पॉवर बँकेचं चार्जिंग काढा आणि पुन्हा लावा. पुष्कळ पॉवर बँका त्या क्षणी पळभर वीज तोडतात आणि कॉम्प्युटर बंद पडतो. तशी असेल तर ती कामाची नाही.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात बोर्ड तापतो. ८० अंशांच्या पुढे गेला की तो स्वतःच हळू चालायला लागतो. पेटीला हवा जायला भोकं ठेवा आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मात्र भोकं एवढी मोठी नकोत की पाल आत शिरेल.

आधी तारीख बघा

आता जे सांगते ते हिशेबाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

आपल्या मोबाइलला आणि भिंतीवरच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी असते. चार नंबरच्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटी बंद करताना जी वेळ होती, तिथूनच पुढं मोजायला लागतो. म्हणजे ५ तारखेला बंद केला आणि २० तारखेला चालू केला, तरी त्याच्या लेखी ५ तारीखच. त्या दिवशी भरलेला हप्ता ५ तारखेचा म्हणून नोंदला जाईल. पुढं कुणाला उशिराचा दंड लागला, कुणाला लागला नाही, यावरून वाद होतील. आणि वाद झाला की माणूस मशीनला दोष देत नाही, वही लिहिणाऱ्या बाईला देतो.

यावर दोन उपाय आहेत. बोर्डाला जोडायचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं, त्यात बटणासारखी बॅटरी असते. ते बसवून घ्या. पाच नंबरच्या बोर्डात घड्याळ असतं, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. दुसरा उपाय फुकट आहे. बैठक सुरू झाली की पहिल्यांदा एकीनं मोठ्यानं तारीख वाचायची, सगळ्यांनी "बरोबर" म्हणायचं, मगच नोंद करायची.

एका बाईचं एक पान

आता याचा उपयोग काय ते सांगते. पुष्कळ गटांत हिशेबाची वही सचिवाकडे असते. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला आपलं कर्ज किती राहिलं हे दहा जणींसमोर विचारावं लागतं. तिला संकोच वाटतो. मग ती विचारत नाही, मनात एक आकडा धरून बसते. सहा महिन्यांनी वहीतला आकडा वेगळा निघतो. कुणी फसवलेलं नसतं, तरी मन फाटतं. गट मोडायला एवढं पुरतं.

म्हणून या स्क्रीनवर फार काही नको. प्रत्येक बाईचं एक पान हवं. आपल्या नावावर किंवा फोटोवर बोट ठेवलं की सहा ओळी दिसाव्यात: एकूण बचत, घेतलेलं कर्ज, फेडलेलं मुद्दल, राहिलेलं मुद्दल, या महिन्याचं व्याज, पुढचा हप्ता. बस्स. खाली एक कर्ण्याचं चित्र, त्यावर बोट ठेवलं की तेच आकडे ऐकू यावेत.

तो आवाज गावातल्याच मुलीचा भरून घ्या, बायांना ओळखीचा वाटतो. आकडे भरताना एक ते नव्व्याण्णव असे सगळेच भरावे लागतील, बरं का. इंग्रजीत वीस आणि एक जोडून एकवीस करतात. आपल्याकडे एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, सगळ्यांची घडण निराळी. त्यावर शंभर, शेकडे, हजार, लाख आणि रुपये भरले की काम झालं. चार नंबरच्या बोर्डाला साधा स्पीकर लावायची जागा आहे. पाच नंबरच्या बोर्डाला ती नाही, त्याला यूएसबीचा स्पीकर लागेल.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका. मराठी अक्षरांचा फॉन्ट टाकलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. लोहित देवनागरी हा फॉन्ट फुकट मिळतो. आणि नोंदी करायला मात्र यूएसबीचा साधा कीबोर्ड लावा. स्क्रीनवरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो आणि चुकीचं अक्षर दाबलं जातं. म्हणजे लिहायला कीबोर्ड, बघायला बोट, अशी वाटणी ठेवा.

आता व्याजाचं बघू. नीट ऐका. समजा एका बाईनं १०,००० रुपये घेतले, व्याज महिना शेकडा २, आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायचं असं ठरलं. राहिलेल्या मुद्दलावर व्याज धरलं, तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६०, असं कमी होत शेवटच्या महिन्यात २० रुपये. दहा महिन्यांचं मिळून व्याज ११०० रुपये. पण कुणी दर महिन्याला मूळच्या दहा हजारांवरच व्याज धरत राहिलं, तर २०० गुणिले १०, म्हणजे २,००० रुपये. फरक ९०० रुपयांचा!

कॉम्प्युटर यातलं कोणतं गणित करणार? तुम्ही सांगाल ते. त्याला खरं-खोटं कळत नाही. चुकीची रीत शिकवली तर तो दर महिन्याला न थकता चुकीचंच उत्तर देईल, आणि स्क्रीनवर दिसतंय म्हणून सगळ्या त्याच्यावर विश्वास ठेवतील. म्हणून सुरू करण्यापूर्वी तीन जणींची कर्जं कागदावर हातानं मांडा, सगळ्यांसमोर. स्क्रीनवर तेच आकडे आले तरच पुढं जा.

आणि वही बंद करायची नाही. सही आणि अंगठा वहीवरच. गटाची पंचसूत्री आपण म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. त्यातलं पाचवं सूत्र वहीचं आहे. स्क्रीन म्हणजे त्या वहीला पाडलेली खिडकी. घर वहीच.

करून देणारा गेला तर?

हे पान तयार कोण करणार? आयटीआयमधला, इंजिनिअरिंगचा किंवा कॉम्प्युटर शिकलेला गावातला मुलगा किंवा मुलगी करू शकते. त्याचा मेहनताना ठरवा आणि द्या. "आपलाच आहे, फुकट करेल" असं म्हटलं की काम अर्धवट राहतं आणि बोलायलाही तोंड राहत नाही.

पण पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून चार गोष्टी घ्या. एक, चालू कार्डाची हुबेहूब नक्कल केलेलं दुसरं कार्ड. पहिलं खराब झालं की दुसरं घालायचं, हिशेब भरायचा, पाच मिनिटांत काम सुरू. दोन, सगळे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, कॅशपेटीत. तीन, चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर कशी घ्यायची, हे मराठीत एका पानावर. चार, दोन बायांना त्यानं समोर बसवून शिकवायचं, आणि त्या दोघींनी त्याचा हात न लागता सगळं करून दाखवायचं. मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला जाणार, मुलगी लग्न होऊन जाणार. त्यांनी जावंच. पण त्यांच्याबरोबर गटाचा हिशेब जायला नको.

दर बैठकीनंतर पेन ड्राइव्हवर नक्कल घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरपाशी ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. चोरी झाली किंवा छप्पर गळलं, तर दोन्ही एकदम जाणार नाहीत.

कुणी बघावं, कुणी बघू नये

कर्ज बैठकीत सगळ्यांसमोर मंजूर होतं हे खरं. पण बैठकीतल्या बाया वेगळ्या आणि चावडीवर येणारे-जाणारे वेगळे. सुनेनं किती कर्ज घेतलं हे सासऱ्याला किंवा दिराला स्क्रीनवरून कळावं का? नाही. म्हणून प्रत्येकीला चार आकडी गुप्त आकडा असावा. तो जन्मसाल नको, मोबाइलचे शेवटचे आकडे नकोत. पान उघडून अर्धा मिनिट कुणी बोट लावलं नाही, तर ते आपोआप बंद व्हावं. आधार नंबर, बँक खात्याचा नंबर यात ठेवूच नका. या कामाला त्यांची गरज नाही. इंटरनेटचीही नाही. जोडलंच नाही तर बाहेरून कुणी शिरायचा प्रश्न येत नाही.

पूर्वी या बोर्डाच्या कार्डावर सगळ्यांना एकच ठरलेलं नाव आणि ठरलेला पासवर्ड यायचा. एप्रिल २०२२ पासून कंपनीनं ते बंद केलं. तुम्हाला कुणी जुनं कार्ड दिलं तर पासवर्ड बदललाय का, हे विचाराच.

मग घ्यावा की नाही?

स्पष्ट सांगते. दहा-बारा जणींच्या एकट्या गटाला याची गरज नाही. नीट लिहिलेली वही, प्रत्येकीचं पासबुक आणि महिन्यातून एकदा मोठ्यानं वाचन, एवढं पुरे. वही वेळेवर लिहिली जात नसेल तर स्क्रीन आणून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ग्रामसंघाचं कार्यालय असेल, त्याला कुलूप असेल, आठ-दहा गटांचे हिशेब तिथे येत असतील, तर एक घ्यायला हरकत नाही. "मोबाइलवर होत नाही का?" असं तुम्ही विचाराल. होतं की. पण मोबाइल कुणाचा तरी असतो. तो घरी जातो, नवऱ्याच्या खिशात जातो, मुलाच्या खेळायला जातो. हा कॉम्प्युटर कुणा एकीचा नाही, तो टेबलावरच राहतो. याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. स्क्रीन फुटली तर बोर्ड वाचतो, बोर्ड जळला तर कार्ड वाचतं. आणि आपल्या पोरींना तो उघडून बघता येतो. तो मुळात त्यासाठीच तर बनवला होता.

आता वही काढा आणि लिहून घ्या.

१. स्क्रीन ७ इंची घ्या. आधी वयस्क मावशीचं बोट लावून बघा.
२. बोर्ड, स्क्रीन, केबल दुकानातच जोडून चालवून बघा. कोटेशन दोन ठिकाणचं, वस्तूवार.
३. ॲडॅप्टर ५ व्होल्ट, ३ अँपिअर, चार नंबरच्या बोर्डासाठी. पाच नंबरच्या बोर्डाला ५ अँपिअरचा लागतो.
४. शट डाउन केल्याशिवाय वीज काढायची नाही.
५. घड्याळाचं मॉड्यूल बसवा. बैठकीत आधी तारीख वाचा.
६. तीन कर्जांचं व्याज हातानं पडताळा.
७. दुसरं कार्ड, पासवर्डचं पाकीट, मराठी पान आणि शिकलेल्या दोन बाया, हे झाल्यावरच पूर्ण पैसे.
८. वही चालूच ठेवा.

पुसायचं कसं, हे राहिलंच. वीज बंद करून, मऊ सुती फडकं किंचित ओलसर करून पुसा. वरून पाणी शिंपडू नका, राख किंवा साबण लावू नका.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. घ्यायचं ठरलं तर ठराव लिहा, नाही ठरलं तरी का नाही ते लिहा. आणि एक काम मात्र स्क्रीन असो वा नसो, या बैठकीतच करा. प्रत्येकीला तिची बचत आणि तिचं राहिलेलं कर्ज वाचून दाखवा. कुणाच्या मनातला आकडा वेगळा निघाला तर तिथल्या तिथे वही उघडा. तुमचे प्रश्न रेडिओ केंद्रावर पाठवा, पुढच्या वेळी उत्तरं देईन.